पाण्याची ओढ असलेल्या मुलाला पाण्यापासून दूर ठेवावे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्यातला आशय आधी थोडक्यात सांगते. तुम्ही सातारा जिल्ह्यात राहता. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. तो दहा-बारा शब्द बोलतो, तेही गरजेपुरते. सहाव्या वर्षापासून त्याला फिट येऊ लागल्या. औषध चालू आहे आणि शेवटची फिट येऊन चौदा महिने झाले आहेत. पाणी दिसले की त्याला दुसरे काही सुचत नाही. न्हाणीघरात तो तांब्याने स्वतःच्या हातावर पाणी ओतत तासन्‌तास बसतो. गेल्या दिवाळीत तुमच्या माहेरी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, तो कोणाच्याही नकळत बाहेर पडला आणि शेजारच्या विहिरीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेला सापडला. त्या दिवसापासून सासूबाई म्हणतात की त्याला पाण्याच्या वाऱ्यालाही उभे करू नका. चुलत सासरे म्हणतात की पाठीला डबा बांधून विहिरीत ढकला, आपोआप शिकेल. नगरपालिकेच्या तलावावर चौकशी केली तर ‘अशा मुलांची बॅच आमच्याकडे नसते’ असे उत्तर मिळाले. कोणीतरी मोबाईलवर पाठवलेल्या व्हिडिओत पोहण्यामुळे मुले बोलू लागतात असे सांगितले आहे. शेवटी तुम्ही विचारता की पोहण्याचा खरोखर फायदा होतो का, फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात न्यावे का, आणि स्वतःला पोहता येत नसलेल्या आईने सुरुवात करायची तरी कुठून.

माझे मत आधीच सांगते. तुमच्या मुलाने पाण्यात जायला शिकलेच पाहिजे, आणि त्याचे पहिले कारण त्याचा विकास हे नसून ती विहीर हे आहे. स्वमग्न मुलांपैकी पुष्कळांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि नजर चुकवून घराबाहेर पडण्याची सवयही अनेकांना असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होऊ शकते ते तुम्ही दिवाळीत पाहिले आहे. घरातून अशा प्रकारे निघून गेलेल्या स्वमग्न मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडून होणारे मृत्यू सर्वांत जास्त असल्याचे परदेशांतील नोंदींवरून दिसून आले आहे. सासूबाईंची भीती खरी आहे, तिला नावे ठेवू नका. पण सातारा जिल्ह्यात कृष्णा, कोयना, कालवे, शेततळी आणि दर दुसऱ्या शेतात विहीर असताना मुलाला जन्मभर पाण्यापासून लांब ठेवणे कोणालाही शक्य होणार नाही. लांब ठेवलेल्या मुलाची ओढ कमी होत नाही. पाण्याशी कसे वागायचे, एवढेच त्याचे शिकायचे राहून जाते.

आता फायद्याविषयी. पाणी अशा मुलांना का आवडते याचे उत्तर बरेचसे पाण्याच्या गुणधर्मांतच आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की प्लावक बलामुळे शरीराचे वजन सुमारे निम्मे भासते आणि मानेपर्यंतच्या पाण्यात ते सुमारे दहाव्या हिश्शावर येते. ज्या मुलाला जमिनीवर तोल सांभाळणे, उडी मारणे, एका पायावर उभे राहणे अवघड जाते, त्याच्या सांध्यांवरचा आणि स्नायूंवरचा भार येथे एकदम उतरतो आणि पडण्याची भीतीही उरत नाही, कारण पाण्यात माणूस पडतो तो सावकाश, आणि त्याला स्वतःला सावरायला वेळ मिळतो. दुसरी गोष्ट दाबाची. एक मीटर खोलीवर पाणी शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे शंभर ग्रॅमचा दाब देते आणि तो सर्व बाजूंनी, एकसारखा, न थांबता असतो. काही स्वमग्न मुले स्वतःला गाद्यांखाली दाबून घेतात, कोपऱ्यात घट्ट बसतात, आईला करकचून मिठी मारतात. ज्या घट्ट स्पर्शासाठी ती एरवी धडपडतात तो त्यांना पाण्यात आपोआप मिळतो. हातावर पाणी ओतत बसणारा तुमचा मुलगाही बहुधा त्याच जाणिवेच्या शोधात आहे, त्यामुळे त्याला ‘खुळा नाद’ म्हणून गप्प बसवू नका.

हाच दाब छातीवरही येतो. श्वास आत घेताना छातीला पाणी ढकलावे लागते, त्यामुळे श्वासाच्या स्नायूंना व्यायाम होतो. आणि तोंड पाण्याला टेकवून बुडबुडे काढताना उच्छ्वास लांबवायला शिकावे लागते. पुढे हात आणि पाय एका लयीत, शरीराच्या दोन्ही बाजू आळीपाळीने आणि श्वास त्या लयीत बसवून हलवायचे असतात. हे सगळे एकाच वेळी करायला लावणारे व्यायामप्रकार फार थोडे आहेत. शिवाय क्रिकेट किंवा खो-खो खेळताना समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखावे लागते, हाका समजून घ्याव्या लागतात, नियम क्षणात बदलतात; या मुलांना नेमके तेच जड जाते आणि म्हणून ती मैदानाच्या कडेला बसून राहतात. पोहताना ज्याची त्याची लेन असते. फिटच्या काही औषधांनी वजन वाढते आणि बसून राहण्याने त्यात भर पडते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पोहायला नियमित येणाऱ्या मुलांच्या आया मला सर्वांत आधी झोपेविषयी सांगतात: रात्री दोनपर्यंत घरभर फिरणारे मूल पोहण्याच्या दिवशी दहाला झोपले, असे मी कितीतरी वेळा ऐकले आहे.

बोलण्याविषयी मात्र मला सावधपणे लिहिले पाहिजे, कारण त्या व्हिडिओने तुमची आशा वाढवली आहे. स्वमग्न मुले आणि पोहणे यांवर जे अभ्यास झाले आहेत त्यांत मुलांची संख्या बहुधा थोडी असते. पाण्यातली कौशल्ये सुधारतात हे त्यांतून बऱ्यापैकी स्पष्ट दिसते आणि काहींत वागणुकीतही बदल आढळला आहे, परंतु पोहल्याने वाचा फुटते असे म्हणण्याइतका आधार त्यांत नाही. घडते ते असे, की मूल ज्या गोष्टीसाठी आतुर असते ती मागण्यासाठी ते अधिक प्रयत्न करते. मी गेली कित्येक वर्षे विशेष मुलांबरोबर काम करते आणि त्यांच्याबरोबर तलावातही उतरते. वर्गात एकही खूण न करणाऱ्या एका मुलीने पाण्यात मला थांबवून, माझा हात धरून तो पुन्हा पाण्यावर आपटायला लावला आणि माझ्या डोळ्यांत पाहिले. ‘पुन्हा’ हा शब्द तिला येत नव्हता, पण त्या दिवशी ती तोच म्हणाली होती. असे क्षण हाती धरून पुढे नेता येते. मात्र वाचा उपचार बंद करून त्याऐवजी पोहणे, असा सौदा कृपा करून करू नका.

फिटचा प्रश्न याहून गंभीर आहे. अपस्मार असलेल्या व्यक्तीला बुडण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, आणि म्हणून तुमच्या मुलाचा मेंदूविकारतज्ज्ञ लेखी संमती देत नाही तोवर तलावाच्या पासचे पैसे भरू नका. चौदा महिने फिट नसणे ही चांगली बाब आहे, पण निर्णय डॉक्टरांचाच असला पाहिजे. त्यांना चार गोष्टी नेमक्या विचारा: कोणत्या प्रकारची फिट, ती येण्याआधी काही लक्षण दिसते का, पाण्यावर चमकणाऱ्या उन्हाने ती येऊ शकते का, आणि तातडीचे औषध जवळ ठेवायचे असल्यास कोणते व किती. संमती मिळाली तरी नियम असा ठेवा की तो पाण्यात असेपर्यंत पोहता येणारी एक मोठी व्यक्ती, फक्त त्याच्यासाठी, हात लांब केला की पोहोचेल इतक्या अंतरावर पाण्यातच असेल. काठावर खुर्ची टाकून बसलेली व्यक्ती या हिशोबात धरू नये. औषधाचा डोस चुकला असेल, ताप असेल, रात्री झोप झाली नसेल, तर त्या दिवशी पोहणे नाही.

पाण्यात फिट आलीच तर त्याला उताणा करून चेहरा पाण्याबाहेर धरायचा, झटके दाबून थांबवायचा प्रयत्न करायचा नाही, तोंडात काहीही घालायचे नाही, आणि उथळ बाजूला सरकत झटके ओसरताच बाहेर काढायचे. श्वास नीट चालतो आहे का ते पाहायचे. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली किंवा श्वास बरोबर वाटला नाही तर १०८ ला फोन करायचा; पण फिट लवकर थांबून मूल शुद्धीवर आले तरीही दवाखान्यात न्यायचेच, कारण पाणी छातीत गेले आहे का हे बाहेरून कळत नाही. हे सर्व तलावावरच्या कोचला आणि जीवरक्षकाला पहिल्या दिवशी सांगा. फिटची गोष्ट लपवली तर प्रवेश सोपा होईल असे कोणी सुचवेल. तसे मुळीच करू नका.

या सदराच्या इतर वाचकांपैकी ज्यांच्या मुलांना डाऊन सिंड्रोम आहे त्यांनीही येथे दोन ओळी वाचाव्यात. त्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो आणि काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. म्हणून हृदय आणि मान तपासून घेतल्याशिवाय पोहणे सुरू करू नये आणि डॉक्टर स्पष्टपणे परवानगी देईपर्यंत सूर मारणे वर्ज्य समजावे. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेल्या, मुलांसाठी पाण्याचे तापमान महत्त्वाचे असते. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पटींनी वेगाने ओढून घेते, आणि गार पाण्यात त्यांचे आधीच ताठ असलेले स्नायू आणखी आवळतात. बत्तीस-तेहतीस अंशांच्या कोमट पाण्यात तेच स्नायू सैल होतात. आपल्याकडच्या उघड्या तलावांत एवढी ऊब एप्रिल-मेच्या दुपारनंतर मिळाली तर मिळते. एका सात वर्षांच्या मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर घट्ट अडकलेले असत. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, माझ्या हातावर मान टेकवून तो उताणा तरंगत असताना, त्याच्या टाचा हळूहळू एकमेकींपासून दूर झाल्या आणि त्याची आई काठावर उभी राहून नुसती त्या टाचांकडे पाहत राहिली. पाण्याबाहेर आल्यावर पाय पुन्हा आवळले, हेही खरे आहे. पण त्या सैल झालेल्या अर्ध्या तासात त्याने पायांनी पाणी उडवले होते.

चुलत सासऱ्यांच्या सल्ल्याविषयी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकल्या आणि काठावरून ढकलून देणारा काका प्रत्येक गावात होता. ज्या मुलाला हे ढकलणे खेळ आहे, खाली उभा असलेला माणूस आपल्याला धरणार आहे, एवढे कळते, त्याचे यात निभावून जाते. स्वमग्न मुलाला त्या क्षणी फक्त जमीन नाहीशी झाल्याचे कळेल, नाकातोंडात पाणी जाईल आणि ज्या एका गोष्टीवर त्याचे जिवापाड प्रेम आहे तीच त्याला नकोशी होईल. किंवा याहून वाईट म्हणजे, विहिरीत उडी मारायची असते एवढेच त्याच्या मनात पक्के बसेल. त्यांना मान देऊन, पण ठामपणे नाही म्हणा. त्यांना स्वतःला चांगले पोहता येत असेल आणि मुलाचा त्यांच्यावर जीव असेल, तर तलावात मुलाबरोबर उतरणारी मोठी व्यक्ती म्हणून तेच उपयोगी पडतील. तसे विचारून पाहा. नाही म्हणण्यापेक्षा काम देणे बरे.

शिकवण्याची जी पद्धत मला अशा मुलांसाठी सर्वांत पटली तिला हॅलिविक म्हणतात. जेम्स मॅकमिलन या इंग्रज अभियंत्याने १९४९ मध्ये लंडनच्या हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत ती सुरू केली. तिच्यात एका मुलामागे एक शिकवणारा असतो, हवेच्या ट्यूब किंवा दंडावरचे फुगे वापरत नाहीत, आणि हातपाय मारायला शिकवण्याच्या कितीतरी आधी शरीर पाण्यात वळवायला शिकवतात: पालथे झालेले मूल उताणे होऊन नाक पाण्याबाहेर कसे आणेल, उताणे असलेले मूल पाय खाली घेऊन उभे कसे राहील. तुमच्या जवळ या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेले कोणी नसेल, त्याने फारसे अडत नाही. तिच्यातला क्रम मात्र सोडू नका. आधी पाण्याशी ओळख, मग श्वास, मग वळणे आणि तरंगणे, आणि सर्वांत शेवटी पोहण्याचे हात. आपल्याकडचे बहुतेक कोच किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, देऊन पाय मारण्यापासून सुरुवात करतात. तुमच्या कोचला आधीच सांगा की आम्हाला वीस दिवसांत ‘फ्रीस्टाइल’ नको आहे.

घरातल्या बादलीपासून सुरुवात करता येईल. टबात नाहीतर घमेल्यात पाणी घेऊन ‘एक, दोन, तीन, फू’ असे म्हणत तोंडाने बुडबुडे काढा. आधी तुम्ही, मग तो, नेहमी त्याच शब्दांत आणि त्याच आवाजात. आणि याच्याही आधी एक नियम सुरू करा, जो मी सर्वांत मोलाचा मानते: पाण्यात जाण्यापूर्वी खाली बसायचे, आणि मोठ्या माणसाने हात पुढे करून ‘ये’ म्हटल्यावरच पाण्याला हात लावायचा. न्हाणीघरात, अंगणातल्या हौदापाशी, नदीवर, तलावावर, सगळीकडे तोच नियम, एकदाही अपवाद न करता. सुरुवातीला तो दोन सेकंद बसेल. पुढे दहा सेकंद बसेल. चित्रांची भाषा त्याला समजते असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा या नियमाचे चित्र लॅमिनेट करून न्हाणीघराच्या दारावर लावा.

तलावावर पहिल्या खेपेला पोहण्याचे कपडे नेऊच नका. तो गजबजलेला नसताना त्याला आवार दाखवा, शॉवर दाखवा, कपडे बदलण्याची खोली दाखवा, प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि घरी ते फोटो क्रमाने लावून ठेवा. बंदिस्त तलाव असेल तर आवाज घुमतो, कोचची शिटी कानात घुसते, क्लोरीनचा वास नाकात बसतो, ओले कपडे अंगाला चिकटतात. पाण्यावर प्रेम करणारे मूल पाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच या गोष्टींनी कोलमडू शकते आणि मग आपण म्हणतो की त्याला पोहणे आवडत नाही. रबरी टोपी बहुतेकांना सहन होत नाही, त्याऐवजी कापडी टोपी चालेल का ते विचारा. दंडावरच्या हवेच्या फुग्यांवर खर्च करू नका. त्यांनी मूल सुरक्षित आहे असा भास होतो आणि शरीराला उभेच राहण्याची सवय लागते.

पाण्यात नेण्यापेक्षा पाण्यातून बाहेर काढणे कठीण जाईल, याची तयारी ठेवा. तुमच्या मुलाच्या वयाचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. पहिले तीन दिवस त्याला दोघांनी उचलून बाहेर आणावे लागले. तो कठडा दोन्ही हातांनी धरून इतका ओरडत असे की इतर पालक पाण्यातून आपापली मुले बाजूला घेत. चौथ्या दिवशी आम्ही काठावर पिवळ्या प्लास्टिकच्या पाच रिंगा मांडल्या आणि दर सहा-सात मिनिटांनी एक रिंग त्याच्या हाताने पिशवीत टाकायला लावली. शेवटची रिंग पिशवीत गेली की बाहेर, आणि बाहेर आल्याबरोबर कोरडा टॉवेल व राजगिऱ्याचा लाडू. त्या दिवशीही तो रडला. तिसऱ्या आठवड्यात त्याने शेवटची रिंग स्वतः उचलली, क्षणभर हातात धरली, पाण्यात एकदा बुडवून काढली, पिशवीत टाकली आणि शिडीकडे वळला. संपणार आहे हे दिसले की संपणे सोसता येते. अचानक ओढून काढले की सोसवत नाही. तुमच्या मुलासाठी रिंगांऐवजी त्याला आवडणारी दुसरी वस्तू चालेल, फक्त ती मोजता येणारी असावी.

त्याला तरंगणे आणि वळणे जमू लागले, त्याला दोन महिने लागोत की दोन उन्हाळे, की एक दिवस त्याला रोजच्या कपड्यांत, म्हणजे शर्ट-पँटमध्ये, पाण्यात उतरवा. माणूस विहिरीत किंवा कालव्यात पडतो तेव्हा अंगावर पोहण्याचा कॉश्च्युम नसतो, आणि भिजलेले कपडे अंगाला कसे ओढतात हे त्याच्या शरीराला माहीत असले पाहिजे. कठड्यावरून पाण्यात येणे, उताणे होणे, श्वास घेणे, काठाकडे वळणे, काठ घट्ट धरणे: एवढे त्याला कपड्यांसह जमले तर चार प्रकारचे हात मारता आले नाहीत तरी माझ्या दृष्टीने त्याचे पोहण्याचे शिक्षण झाले.

नगरपालिकेच्या उत्तराने खचू नका, आणि भांडूही नका. ज्याने तुम्हाला नाही म्हटले तो बहुधा घाबरला होता. अशा मुलाबरोबर काम कसे करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि काही झाले तर दोष आपल्यावर येईल हे त्याला माहीत असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये जी एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत त्यांत स्वमग्नता आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ३० नुसार दिव्यांगांना क्रीडाप्रकारांत सहभागी होता यावे यासाठी शासनाने उपाय करायचे आहेत. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, त्याला दिव्यांग ओळखपत्राची आणि डॉक्टरांच्या संमतीची प्रत जोडा. मात्र अर्जात ‘विशेष बॅच’ मागू नका, ती मिळायला वर्षे लागतील. आठवड्यातून तीन दिवस, कमी गर्दीच्या वेळी, पाऊण तास आणि घरातल्या एका मोठ्या व्यक्तीला मुलाबरोबर पाण्यात उतरण्याची परवानगी, एवढेच मागा. पोहता येणारे तुमचे यजमान, किंवा कबूल झाले तर चुलत सासरे, ही जबाबदारी घेऊ शकतील. तुम्ही स्वतः महिलांच्या बॅचला नाव घाला. तुम्हाला पोहता येत नाही हे तुम्ही जरा ओशाळून लिहिले आहे, त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. पण नऊ वर्षांचा मुलगा उद्या पंधरा वर्षांचा होईल आणि पाण्याच्या काठी त्याच्याबरोबर बहुतेक वेळा तुम्हीच असाल.

सासूबाईंना सांगण्यासारखी एक गोष्ट तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी भारताला मिळवून दिले. ते आपल्या देशाचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण होय. आणि स्वमग्नतेचेच उदाहरण हवे असेल तर मुंबईची जिया राय आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेट वे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटरचे अंतर ८ तास ४० मिनिटांत पोहली, आणि २०२४ मध्ये तिने इंग्लिश खाडीही पार केली. ही नावे घरातल्यांचा धीर वाढवण्यासाठी सांगा, मुलाला मोजण्याची पट्टी म्हणून मात्र वापरू नका. जियाच्या बातम्या वाचून आपल्या मुलाला सहा महिन्यांत स्पर्धेत उतरवू पाहणारे पालक मी पाहिले आहेत, आणि स्पर्धेच्या तयारीत पाण्यातला आनंद हरवून बसलेली त्यांची मुलेही पाहिली आहेत. पुढे कधी त्याला खरोखर वेग आवडू लागला तर बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये पोहण्याच्या स्पर्धा असतात. तेव्हाचे तेव्हा पाहू.

पत्राच्या शेवटी तुम्ही भावाचे म्हणणे कळवले आहे: आता पोरगा पोहायला शिकणारच आहे, तर विहिरीवर जाळी टाकायचा खर्च कशाला? त्यांना माझ्या वतीने सांगा की हा खर्च आता अधिक गरजेचा झाला आहे. तलावाचे पाणी नितळ, उबदार आणि छातीइतके खोल असते आणि कठडा हाताशी असतो. विहिरीचे पाणी गार असते, पाय पोहोचत नाहीत, पायऱ्यांवर शेवाळ असते आणि हाक ऐकायला कोणी नसते. तलावात चांगले तरंगणारे मूल तेथे तरेलच असे नाही, आणि फिट येणाऱ्या मुलाविषयी तर असे गृहीत धरणे मुळीच परवडणार नाही. शिवाय तलावात जाऊ लागल्यावर पाण्याविषयीची त्याची उरलीसुरली भीतीही जाईल, म्हणजे पहिले काही महिने तो आजच्यापेक्षा जास्त धोक्यात असेल. विहीर शेजाऱ्यांची असल्याने त्यांच्याशी बोलणे तुमच्या भावालाच करावे लागेल; जाळीचा खर्च तुम्ही दोघांनी वाटून घ्या. तुमच्या घराच्या आणि माहेरच्या, दोन्ही दारांना त्याचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी बसवा आणि दार उघडले की वाजेल अशी घंटा टांगा. घरात लग्नकार्य किंवा सणवार असेल तेव्हा तासातासाला माणूस नेमून द्या, म्हणजे ‘मला वाटले तुझ्याकडे आहे’ असे होणार नाही. हे सगळे तलावाच्या पहिल्या दिवसाआधी झालेले असू द्या.